हजार वर्षांच्या राज्याचा अभ्यास कसा करावा

ख्रिस्ताच्या हजार वर्षांच्या राज्याविषयी गेली एकोणीसशे वर्षे जो वाद चालू आहे, तो मुख्यतः एकाच अध्यायाभोवती फिरतो. ‘हजार वर्षे’ हे शब्द प्रकटीकरणाच्या, म्हणजे बायबलमधील शेवटच्या पुस्तकाच्या, २० व्या अध्यायात दुसऱ्या वचनापासून सातव्या वचनापर्यंत सलग सहा वचनांत, प्रत्येकात एकदा, असे सहा वेळा येतात. त्याबाहेर बायबलमध्ये मसीहाच्या राज्याला हजार वर्षांची मुदत कोठेही दिलेली नाही. असे असूनही बहुतेक जण या विषयाकडे येतात ते अंतकाळाच्या घटनांचा क्रम दाखवणाऱ्या रंगीत तक्त्यावरून, प्रचारसभेतील भाषणावरून किंवा युद्धाच्या ताज्या बातमीवरून. माझीही सुरुवात तशीच झाली. तरुणपणी एका सभेत भिंतीवर लांबलचक कापडी तक्ता टांगलेला पाहिला आणि पुढे कित्येक वर्षे मी प्रकटीकरण वाचत होतो असे मला वाटत होते. प्रत्यक्षात मी तो तक्ता वाचत होतो. म्हणून येथे दिलेला क्रम उलटा आहे: आधी वचन, मग प्रश्न, मग मते, आणि तक्ता सर्वांत शेवटी.

साहित्य थोडेच लागते. बायबलची दोन मराठी भाषांतरे, एक जाड वही आणि आठवड्यातून एक संध्याकाळ या हिशेबाने सुमारे दोन महिने. भाषांतरे दोन हवीत, कारण एकाच शब्दासाठी दोन भाषांतरकारांनी वेगळे शब्द योजले असतील तेथे मूळ ग्रीकमध्ये काहीतरी विचार करण्याजोगे असण्याची शक्यता असते. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल मराठीत आणले. ते त्यांच्या निधनानंतर दोन वर्षांनी, १९२४ मध्ये पूर्ण छापून झाले. ते मिळाल्यास नेहमीच्या भाषांतराशेजारी अवश्य ठेवावे.

पहिली पायरी: विसावा अध्याय स्वतःच्या हाताने उतरवून काढा

अध्यायात फक्त १५ वचने आहेत. ती वहीच्या डाव्या पानावर लिहून काढावीत आणि उजव्या पानावर, वचनात जे म्हटले आहे तेवढेच, स्वतःच्या शब्दांत मांडावे. देवदूत अथांग डोहाची किल्ली आणि साखळी घेऊन उतरतो. अजगराला, म्हणजे सैतानाला, हजार वर्षे बांधून ठेवतो आणि त्याने राष्ट्रांना ठकवू नये म्हणून डोहावर शिक्का मारतो. नंतर राजासने दिसतात, येशूच्या साक्षीसाठी शिरच्छेद झालेल्यांचे आत्मे दिसतात. ते जिवंत होऊन ख्रिस्ताबरोबर हजार वर्षे राज्य करतात. बाकीचे मृत मुदत संपेपर्यंत जिवंत होत नाहीत. मग सैतान थोडा काळ सुटतो, गोग व मागोग यांना लढाईसाठी जमवतो, स्वर्गातून अग्नी उतरतो आणि सैतान अग्निसरोवरात टाकला जातो. अखेरीस मोठे पांढरे राजासन, उघडलेली पुस्तके आणि मृतांचा न्याय.

आता त्याच पानाखाली दुसरी यादी करावी: अध्यायात काय नाही. यरुशलेमचे नाव नाही, ‘प्रिय नगर’ एवढाच उल्लेख आहे. मंदिर नाही, यज्ञ नाहीत, इस्राएलाच्या भूमीच्या सीमा नाहीत, सात वर्षांचे संकट नाही, मंडळी, म्हणजे ख्रिस्ती श्रद्धावंतांचा समुदाय, वर उचलली जाण्याचा प्रसंग नाही. हे राज्य पृथ्वीवर चालते की स्वर्गात, हेही चौथ्या वचनात स्पष्ट सांगितलेले नाही. या गोष्टी खोट्या आहेत असे यावरून ठरत नाही. त्या दुसऱ्या ग्रंथांतून येथे आणून जोडल्या जातात, एवढेच ठरते. कोणी जोडल्या, कोणत्या वचनावरून जोडल्या आणि तो सांधा किती भक्कम आहे, हे तपासणे म्हणजेच या विषयाचा अभ्यास. मी ज्या ज्या गटांबरोबर हे केले, तेथे ही दुसरी यादी लिहिताना सर्वांत जास्त शांतता पसरली.

दुसरी पायरी: संपूर्ण पुस्तक एका बैठकीत मोठ्याने वाचा

२२ अध्यायांना साधारण दीड तास लागतो. पुस्तकाच्या तिसऱ्याच वचनात ते वाचून दाखवणाऱ्याला आणि ऐकणाऱ्यांना धन्य म्हटले आहे, म्हणजे ते सभेत ऐकण्यासाठी लिहिलेले आहे. योहान पात्म बेटावरून आशिया प्रांतातील सात मंडळ्यांना लिहितो: इफिस, स्मुर्णा, पर्गम, थुवतीरा, सार्दीस, फिलदेल्फिया आणि लावदिकीया. ही सगळी ठिकाणे आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम भागात आहेत. दुसऱ्या शतकातील इरेनियसच्या सांगण्याप्रमाणे हे दर्शन सम्राट डोमिशियनच्या कारकिर्दीच्या अखेरीस, म्हणजे इ.स. ९५ च्या आसपास घडले. काही अभ्यासक मात्र ते नीरोच्या काळात, इ.स. ७० मध्ये यरुशलेम पडण्यापूर्वी लिहिले गेले असे मानतात. पहिल्या श्रोत्यांना ज्याचा काहीच अर्थ लागला नसता, असा अर्थ एखाद्या चिन्हाला देण्यापूर्वी आपण थांबायला हवे.

वाचताना संख्यांच्या खाली रेघ ओढावी. सात शिक्के, सात कर्णे, सात वाट्या. १,४४,००० शिक्कामोर्तब झालेले लोक. ४२ महिने आणि १,२६० दिवस, जे तीस दिवसांच्या महिन्याने मोजल्यास एकच होतात. या पुस्तकात संख्या जवळजवळ नेहमी काहीतरी सुचवत असतात. मग हजार ही संख्या मोजायची की सुचवण्यासाठी घ्यायची? मराठी वाचकाला हा प्रश्न परका वाटू नये. सहस्रचंद्रदर्शनाला आपण चंद्र खरोखर मोजतो आणि ऐंशीच्या घरात पोहोचतो. सूर्याला सहस्ररश्मी म्हणताना किरण कोणी मोजत नाही. एकाच भाषेत, एकाच शब्दाचे हे दोन्ही वापर प्रामाणिक आहेत. बायबलमध्येही हजार डोंगरांवरची गुरे देवाची आहेत असे ५० वे स्तोत्र म्हणते, तेव्हा हजार-एकाव्या डोंगरावरची गुरे दुसऱ्या कोणाची आहेत असा त्याचा अर्थ नसतो. संदर्भ पाहूनच ठरवावे लागते, आणि संदर्भ पाहूनही प्रामाणिक वाचकांमध्ये मतभेद उरतात.

आपल्या कानांवरच्या आणखी एका संस्काराची येथे नोंद घ्यावी. ‘जगाचा अंत’ म्हटले की मराठी मनात प्रलय आणि कलियुग हे शब्द आपोआप उमटतात. कलियुगाची ४,३२,००० वर्षे, त्यानंतर पुन्हा कृतयुग, असे ते फिरते चक्र आहे. प्रकटीकरणातील काळ फिरत नाही. तो एकदाच पुढे जातो आणि नव्या आकाशाकडे व नव्या पृथ्वीकडे पोहोचतो. दोन्ही कल्पना एकमेकींत मिसळल्या की प्रश्नच चुकीचे पडू लागतात.

तिसरी पायरी: सर्वमान्य काय आणि वादग्रस्त काय, हे वेगळे करा

येथे मतांगिकार, म्हणजे मंडळीच्या श्रद्धेचे अधिकृत निवेदन, हाताशी घ्यावा. ३२५ साली नायसिया येथे तयार झालेल्या आणि ३८१ साली कॉन्स्टँटिनोपल येथे विस्तारलेल्या मतांगिकारात अंतकाळाविषयी मोजकीच विधाने आहेत: ख्रिस्त जिवंतांचा व मृतांचा न्याय करण्यास गौरवाने पुन्हा येईल, त्याच्या राज्याला अंत असणार नाही, मृतांचे पुनरुत्थान होईल, आणि येणाऱ्या युगातील जीवन आहे. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि बहुतेक प्रोटेस्टंट मंडळ्या एवढे मान्य करतात. हजार वर्षांचा उल्लेख त्यात नाही. वहीत दोन रकाने आखून पहिल्यात ही विधाने लिहावीत. पुढे जे काही हाती लागेल ते दुसऱ्या रकान्यात जाईल. एखादी व्यक्ती दुसऱ्या रकान्यातील गोष्टीवरून कोणाला अविश्वासी ठरवू लागली, तर तिला ही वही दाखवता येते.

चौथी पायरी: चार प्रश्न

या पायरीला तीन-चार आठवडे द्यावेत. मतांची नावे आधी पाठ केली की माणूस एक बाजू निवडतो आणि मग वचने गोळा करतो. त्याऐवजी खालील चार प्रश्नांची उत्तरे दोन्ही बाजूंच्या पुराव्यांसह लिहिली, तर आपण कोणत्या मताच्या जवळ आहोत हे आपोआप कळते.

पहिला प्रश्न क्रमाचा. १९ व्या अध्यायात पांढऱ्या घोड्यावरचा स्वार येतो आणि श्वापदाचा पराभव होतो. २० व्या अध्यायातील घटना त्यानंतरच्या आहेत का? होय म्हणणारे दाखवतात की सैतानाला ज्या अग्निसरोवरात टाकले जाते, तेथे श्वापद आणि खोटा संदेष्टा आधीच आहेत (१९:२० आणि २०:१० शेजारी ठेवून वाचा). म्हणजे क्रम सरळ आहे. नाही म्हणणारे सांगतात की हे पुस्तक पुन्हा पुन्हा मागे जाऊन तोच काळ नव्या चित्रात दाखवते. ११:१८ मध्ये मृतांच्या न्यायाची वेळ येऊन ठेपते आणि लगेच १२ व्या अध्यायात बालकाच्या जन्मापासून गोष्ट पुन्हा सुरू होते. शिवाय १९:१७-१८ मधील पक्ष्यांना दिलेले आमंत्रण जुन्या करारातील यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या ३९ व्या अध्यायातून घेतलेले आहे आणि २०:८ मधील गोग व मागोगही यहेज्केलाच्या त्याच भागातून, ३८ व ३९ व्या अध्यायांतून, आले आहेत. मग या दोन लढाया की एकच? हा पुरावा दोन्हीकडे वजनदार आहे, आणि तो हलका करून सांगणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही.

दुसरा प्रश्न बांधण्याचा. सैतान आताच बांधलेला आहे, की पुढे बांधला जाणार आहे? मार्क ३:२७ मध्ये येशू बलवानाला आधी बांधण्याविषयी बोलतो आणि ते स्वतःच्या सेवेला लावतो. याउलट १ पेत्र ५:८ मध्ये सैतान गर्जणाऱ्या सिंहासारखा हिंडत आहे. आता २०:३ पुन्हा वाचावे: बांधण्याचा उद्देश ‘राष्ट्रांना ठकवू नये’ एवढाच सांगितला आहे. या मर्यादित उद्देशाला महत्त्व द्यायचे की डोह, कुलूप आणि शिक्का या चित्राच्या पूर्णतेला, यावर उत्तर अवलंबून आहे.

तिसरा प्रश्न सर्वांत अवघड आहे. चौथ्या वचनात साक्षीदार ‘जिवंत झाले’ आणि पाचव्यात बाकीचे मृत मुदत संपेपर्यंत ‘जिवंत झाले नाहीत’; दोन्हीकडे ग्रीक क्रियापद एकच आहे, ‘एझेसान’. १९ व्या शतकातील इंग्रज भाष्यकार हेन्री आल्फर्ड यांचा युक्तिवाद असा की, एकाच परिच्छेदात पहिल्या वेळी आत्मिक आणि दुसऱ्या वेळी शारीरिक असा अर्थ घेतला तर भाषेला काही निश्चित अर्थच उरत नाही. उत्तरादाखल योहान ५:२४-२९ पुढे केले जाते. तेथे येशू आता वाणी ऐकून जगणाऱ्या मेलेल्यांविषयी आणि पुढे कबरांतून बाहेर येणाऱ्यांविषयी एकापाठोपाठ बोलतो. हे दोन उतारे वहीच्या समोरासमोरच्या पानांवर लिहावेत आणि किमान एक आठवडा निर्णय घेऊ नये. माझे स्वतःचे मत या प्रश्नावर दोनदा बदलले आहे, आणि दोन्ही वेळा ते एखाद्या पुस्तकाने नव्हे तर या दोन पानांनी बदलले.

चौथा प्रश्न प्रेषित पौलाचा. १ करिंथ १५:२३-२८ मध्ये क्रम असा आहे: प्रथमफळ ख्रिस्त, नंतर त्याच्या आगमनाच्या वेळी जे त्याचे आहेत ते, नंतर शेवट. दुसऱ्या ‘नंतर’च्या पोटात हजार वर्षे मावतात का? पहिल्या ‘नंतर’मध्ये तर दोन हजार वर्षे मावलेली आहेत, असे एक बाजू म्हणते. शेवटचा शत्रू मरण हा आगमनाच्या वेळीच नष्ट होतो (वचने ५२ ते ५५ पाहा), मग मध्ये अवधी कसला, असे दुसरी बाजू विचारते.

पाचवी पायरी: आता मतांची नावे आणि त्यांचा इतिहास

ख्रिस्त आधी येईल आणि मग पृथ्वीवर हजार वर्षे राज्य करील, हे प्रीमिलेनिअल मत. सुवार्तेच्या प्रसाराने जगात दीर्घ सुवर्णकाळ येईल आणि त्यानंतर ख्रिस्त येईल, हे पोस्टमिलेनिअल मत. हजार वर्षे म्हणजे ख्रिस्ताच्या पहिल्या आणि दुसऱ्या आगमनामधला सध्याचा काळ, हे अमिलेनिअल मत. प्रीमिलेनिअल मताचे पुन्हा दोन प्रकार आहेत आणि त्यांची गल्लत होऊ देऊ नये. जुन्या प्रकारात मंडळी महासंकटातून जाते. नव्या, डिस्पेन्सेशनल प्रकारात मंडळी संकटापूर्वीच उचलली जाते आणि इस्राएल व मंडळी यांच्यासाठी देवाच्या दोन वेगळ्या योजना असतात.

इतिहास वाचताना एक गोष्ट मनाला भिडते: दोन्ही बाजू फार जुन्या आहेत. पापियास, हुतात्मा जस्टिन आणि इरेनियस हे दुसऱ्या शतकातील लेखक पृथ्वीवरील राज्याची वाट पाहत होते. पण जस्टिन स्वतःच कबूल करतो की शुद्ध श्रद्धा असलेले अनेक ख्रिस्ती याबाबत वेगळे मानतात. तिसऱ्या शतकात ओरिजेनने शब्दशः अर्थाला विरोध केला आणि अलेक्झांड्रियाच्या डायोनिसियसने इजिप्तमधील गावांत जाऊन या विषयावर सलग चर्चा घेतली. मग उत्तर आफ्रिकेतील बिशप ऑगस्टीन. ‘देवनगरी’ या ग्रंथाच्या २० व्या खंडात तो सांगतो की आपणही एकेकाळी हे मत मानत होतो. त्याने हजार वर्षे म्हणजे मंडळीचा काळ असा अर्थ मांडला आणि पश्चिमेकडील मंडळीने तो हजारभर वर्षे बहुतांशी मानला. १५३४-३५ मध्ये जर्मनीतील म्युन्स्टर शहरात काही जणांनी नवे यरुशलेम तलवारीने स्थापण्याचा प्रयत्न केला आणि तो रक्तपातात संपला; त्याआधीच, १५३० च्या ऑग्सबर्ग मतांगिकाराच्या १७ व्या कलमात लुथरन लोकांनी पुनरुत्थानापूर्वीचे ऐहिक राज्य नाकारले होते. डिस्पेन्सेशनल मांडणी मात्र १९ व्या शतकातील. जॉन नेल्सन डार्बी यांनी ती घडवली आणि १९०९ च्या स्कोफील्ड संदर्भ बायबलच्या तळटीपांनी ती घराघरांत नेली. मराठी सभांत टांगले जाणारे तक्ते बहुतेक याच शाखेचे असतात. वसई किंवा गोव्यातील कॅथलिक कुटुंबाने ते कधी पाहिलेले नसतात, कारण कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथाचा ६७६ वा परिच्छेद इतिहासाच्या आत येणाऱ्या मसीही राज्याची कल्पना नाकारतो. मुंबईत दोन परंपरांतील शेजारी एकत्र अभ्यासाला बसतात तेव्हा हे आधी सांगून ठेवले की पुष्कळ गैरसमज टळतात.

सहावी पायरी: जोडलेली वचने त्यांच्या जागी जाऊन तपासा

पहिल्या पायरीतील ‘काय नाही’ ही यादी आता उघडावी. मंडळी उचलली जाण्याचे वचन १ थेस्सलनीका ४:१६-१७ आहे. ‘रॅप्चर’ हा शब्द तेथील लॅटिन क्रियापदावरून आला. त्याच वचनात प्रभूला ‘सामोरे जाणे’ यासाठी जो ग्रीक शब्द आहे, तोच मत्तय २५:६ मध्ये वराला सामोऱ्या जाणाऱ्या कुमारींसाठी आणि प्रेषितांची कृत्ये २८:१५ मध्ये रोमहून पौलाला सामोरे आलेल्या बंधूंसाठी वापरला आहे. आपल्याकडे वरातीला सामोरे जाणारे तिला घेऊन परत येतात. येथेही तसेच अभिप्रेत आहे का, हा विचारण्याजोगा प्रश्न आहे. सात वर्षांचे संकट दानीएल ९:२४-२७ मधील सत्तर सप्तकांपैकी (एक सप्तक म्हणजे सात वर्षे असे धरून) शेवटच्या सप्तकावरून येते, आणि त्यासाठी ६९ व्या व ७० व्या सप्तकात मोठा खंड मानावा लागतो. मंदिर यहेज्केल ४० ते ४८ मधून येते. यशया ६५:२० विशेष सावकाश वाचावे: शंभराव्या वर्षी मरणारा तेथे तरुण गणला जातो. मरण अजून आहे, म्हणून हे हजार वर्षांचेच राज्य, असे प्रीमिलेनिअल वाचक म्हणतात. पण तीन वचने आधीच नवे आकाश व नवी पृथ्वी यांचा उल्लेख आहे, म्हणून ही काव्यातली दीर्घायुष्याची प्रतिमा आहे, असे इतर म्हणतात.

तारखांना या अभ्यासात जागा देऊ नये. दानीएल ८:१४ मधील २,३०० दिवस म्हणजे वर्षे असे धरून अमेरिकेत विल्यम मिलर यांनी गणित मांडले, अनुयायांनी ख्रिस्ताच्या आगमनासाठी अखेर २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस पक्का केला, आणि हजारो श्रद्धाळू त्या रात्री वाट पाहत राहिले. त्यातील माणसे लबाड नव्हती. म्हणूनच तो प्रसंग वाचताना दुःख होते. मार्क १३:३२ मध्ये तो दिवस पुत्रालाही ठाऊक नाही असे म्हटले आहे. तारीख सांगणाऱ्याकडे हे वचन घेऊन जावे आणि नम्रपणे उत्तर मागावे.

सातवी पायरी: गटात मांडणी

शेवटच्या दोन बैठकांत प्रत्येकाने स्वतःला न पटणारे मत दहा मिनिटे मांडावे, आणि ते मत मानणाऱ्याने ‘हो, आम्ही असेच म्हणतो’ असे सांगेपर्यंत ते दुरुस्त करत राहावे. पाळक उपस्थित असतील तर त्यांनी शेवटी बोलावे, कारण ते आधी बोलले की बाकीचे गप्प बसतात. अलीकडेच कोणाच्या घरी मृत्यू झाला असेल, तर पुनरुत्थानाची चर्चा त्यांच्यासमोर कोड्यासारखी करू नये. त्या संध्याकाळी २१ व्या अध्यायाची पहिली पाच वचने वाचून उठावे.

यानंतरच स्वतःचा तक्ता काढावा, पेन्सिलीने. ज्या रेघेसाठी वचनाचा आधार स्पष्ट आहे ती ठळक, जी दोन वचने जोडून आली ती तुटक, आणि जी केवळ ऐकीव आहे तिच्या बाजूला ती कोणाकडून ऐकली ते लिहून ठेवावे.